उभ्या धानात टाकलेलं बी

पेरणी कशी करतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. आधी नांगरायचं, मग ढेकळं फोडायची, मग बी मातीत घालायचं आणि वरून पाणी द्यायचं. आता ऑक्टोबरच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, सावली, नागभीडकडे जा, किंवा वैनगंगा ओलांडून आरमोरी, चामोर्शीकडे. धानाच्या बांध्या पिवळ्या पडत आलेल्या असतात. कापणी दोन-तीन आठवड्यांवर असते. आणि त्या उभ्या, पिकत्या धानात कुणीतरी शिरतं, ओटीतून मूठ भरतं आणि बी फेकत पुढे जातं. नांगर नाही, वखर नाही, मोकळी जमीनसुद्धा नाही. एक पीक अजून डोलतंय आणि त्याच्या पायाशी दुसरं टाकलं जातंय.

हे बी लाखोळीचं. या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, तिला लाखोरीही म्हणतात, आणि अशा पेरणीला उतेरा. पाऊस परतलेला असतो. बहुतेक बांध्यांना विहीर नसते. पुढच्या चार महिन्यांत एखादी सर आली तर आली. तरीही फाल्गुनात त्या बांधीतून डाळ निघते, त्याआधी भाजी निघते, आणि मधल्या काळात सगळी बांधी निळ्या फुलांनी भरते. हे जमतं कसं?

आधी घाईचं कारण पाहू. धान कापून, पुंजणे रचून झाल्यावर, दिवाळी-मंडई आटोपून, निवांत का पेरू नये?

उत्तर आषाढातल्या चिखलात आहे. रोवणीच्या आधी धानकरी जमिनीची मुद्दाम चिखलणी करतो. मातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात, बारीक भोकं बुजतात आणि पाणी खाली झिरपायचं थांबतं. धानाला हेच हवं असतं. पण अशी माती वाळू लागली की तिच्यासारखी हट्टी माती नाही. धान कापलं, सावली गेली, ऊन थेट जमिनीवर पडलं, की काही दिवसांत वरचा थर कडक होतो आणि भेगाळतो. बी टाकलं तर ते त्या कोरड्या पापुद्र्यावर तसंच पडून राहणार.

आणि गंमत अशी, की खाली पाणी भरपूर असतं! चिकण मातीच्या एक मीटर खोलीत पिकाला शोषता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. भाद्रपदातला अख्खा जोरदार पाऊसच तिथं मुरून बसलाय म्हणा. अडचण फक्त वरच्या चार बोटांची. ती चार बोटं वाळण्याआधी मूळ खाली पोचलं, तर पुढचा हिवाळा निभावला. नाही पोचलं, तर सगळं संपलं.

म्हणून बी टाकायचं ते धान उभं असतानाच. फार आधी टाकलं तर बांधीत पाणी असतं आणि बी कुजतं. फार उशिरा टाकलं तर पापुद्रा धरतो. मधले थोडेसेच दिवस योग्य असतात आणि ते पंचांगात सापडत नाहीत. बांधीतलं पाणी सोडून दिल्यावर पाऊल टाकून पाहायचं. ठसा उमटायला हवा, पण ठशात पाणी भरता कामा नये. अशा मातीवर पडलेलं बी अर्धवट रुतून बसतं, आणि डोक्यावरचं पिकलेलं धान त्याला उन्हापासून झाकतं. पहिलं पीक दुसऱ्याला सावली धरतं आणि त्याबद्दल काहीच मागत नाही. त्याचं स्वतःचं काम संपत आलेलं असतं.

टाकण्याआधी बी रात्रभर पाण्यात भिजवतात. त्या एका रात्रीत काय होतं, हे कळलं की माणूस थक्क होतो. लाखोळीचं बी म्हणजे टणक, कोनाकोनांचं, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं एका बाजूला निमुळतं. ते जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी पितं आणि टम्म फुगतं. तुम्हाला वाटेल, बी जागं झालं. छे! मेलेलं बीसुद्धा असंच फुगतं. कोरड्या पिठूळ पेशींनी पाणी ओढून घेणं, एवढंच ते असतं. त्यात जीवाचा काहीच सहभाग नाही.

जीव कामाला लागतो तो त्यानंतर, काही तासांत. आणि त्याला पहिल्या कामासाठी नवे आदेश लिहावे लागत नाहीत. कोरड्या बियाच्या पेशींत, कोणतं प्रथिन आधी बनवायचं याचे रेणूरूपी निरोप तयार ठेवलेले असतात. ते कधी लिहिले गेले? मागच्या हंगामात, हे बी आईच्या झाडावर शेंगेत होतं तेव्हा! वर्षभर कणगीत पडून राहिलेले ते निरोप पाणी लागताच वाचले जातात. नवी लिखापढी मागाहून सुरू होते.

लाखोळीच्या जोडीला काही बांध्यांत जवसही टाकतात. जवसाचं बी हलकं, चपटं, गुळगुळीत. चिखलावर पडून ते घरंगळायला हवं, मुंग्यांनी पळवायला हवं, वाऱ्याने सुकायला हवं. त्याने शोधलेला उपाय तुम्ही आत्ता स्वयंपाकघरात पाहू शकता. चमचाभर जवस वाटीत पाण्यात टाका आणि थोड्या वेळाने बोट घाला. सब्जासारखा बुळबुळीत थर प्रत्येक दाण्याभोवती चढलेला असेल. सालीच्या बाहेरच्या पेशींत हा चिकट पदार्थ कोरडा भरून ठेवलेला असतो. पाणी लागलं की तो फुगून बाहेर पडतो. बी मातीला चिकटतं आणि स्वतःभोवती ओल धरून ठेवतं. लाखोळी वजनाने रुतते, जवस डिंकाने चिकटतं. दोन कुळं, दोन युक्त्या, एकच चिखल.

चार-सहा दिवसांत कोंब येतात. रोपं बोट-दोन बोटं होतात आणि नेमकी तेव्हाच धानाची कापणी येते. आता जरा विचार करा. विळे घेतलेली माणसं त्या कोवळ्या रोपांवरून दिवसभर फिरतात. वाकतात, पाय रोवतात, कापलेल्या धानाच्या पेंढ्या तिथंच आडव्या टाकतात. ऊन खाऊन सुकल्यावर त्याच पायवाटेने त्या उचलून नेतात. एवढं तुडवल्यावर लाखोळी संपायला हवी की नाही?

ती संपत नाही, कारण तिने आपली ठेव वर आणलेलीच नसते. चवळीचं बी उगवताना पाहिलं असेल तुम्ही. दोन जाड दळं देठावर चढून वर येतात आणि मग पानं फुटतात. ती दळं खुडली, की खेळ खल्लास. लाखोळी, हरभरा, वाटाणा यांचं तसं नाही. अन्नाने भरलेली त्यांची दळं खालीच, सालीच्या आत, मातीलगत राहतात. वर येतो तो फक्त एक बारीक शेंडा. शेंडा तुटला, पायाखाली चिरडला, तरी देठाच्या तळाशी झोपलेले डोळे असतात. शिल्लक अन्नाच्या जोरावर त्यातला एखादा फुटतो आणि रोप पुन्हा उभं राहतं. माणसाच्या पायाला हे पुरतं. धान कापायच्या अवजड हार्वेस्टरच्या चाकाला मात्र पुरत नाही. उतेऱ्याची खरी अडचण आता पावसापेक्षा या यंत्राची, आणि धान निघाल्यावर मोकळ्या सुटणाऱ्या गुरांची आहे, असं मला वाटतं.

शेंडा मोडल्यावर रोप मरत नाही, उलट फांदारतं, हे बायकांना केव्हाचं ठाऊक आहे. मार्गशीर्षात त्या लाखोरीचे कोवळे शेंडे खुडतात आणि भाजी करतात. उरलेले वाळवून ठेवतात. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर शेंड्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरत असतं आणि खालच्या डोळ्यांना गप्प बसवत असतं. शेंडा गेला, धाक गेला, सगळे डोळे एकदम फुटतात. जितके शेंडे खुडाल तितक्या फांद्या, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. अर्थात वेळेत थांबलं तर!

एवढ्यात जमिनीखाली आणखी एक व्यवहार चालू झालेला असतो. कोवळी मुळं मातीत काही रसायनं सोडतात. ती ओळखून एका जातीचे जिवाणू मुळाकडे सरकतात आणि उलट आपला रासायनिक संदेश पाठवतात. तो पोचला, की मुळाचा केस वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत शिरायला वाट करून देतो. आत गाठ तयार होते. पौषात लाखोळीचं एक रोप हलकेच उपटा आणि गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी दिसेल! तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. हवेतल्या नायट्रोजनचं खत करणारं जिवाणूंचं विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण जिवाणूला जगायला ऑक्सिजन तर हवाच. ते गुलाबी प्रथिन हा पेच सोडवतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून-मापून पुरवतं.

खताच्या कारखान्यात हेच काम करायला चारशे ते पाचशे अंश तापमान आणि हवेच्या जवळजवळ दोनशेपट दाब लागतो. चंद्रपूरचा मे महिना 47 अंशांपर्यंत जातो, तेव्हा आपण हाय खातो. त्याच्या दहापट उष्णता समजा. लाखोळीच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ हे काम हिवाळ्यातल्या थंड ओल्या मातीत बिनबोभाट करते. आणि हीच माती काही महिन्यांपूर्वी पाण्याखाली, हवेवाचून गुदमरत होती.

पश्चिमेकडे, वरोरा-भद्रावतीच्या काळ्या रानात, याच सुमारास हरभरा पेरला जातो. त्याच्याबद्दल एकच सांगतो, कारण ते न सांगता पुढे जाणं मला जमणार नाही. हरभऱ्याच्या पानांवरचे बारीक केस आंबट रस पाझरतात. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पूर्वी लोक थंडीत रात्री झाडांवर धुतलेलं पांढरं फडकं पसरत. पहाटे ते दवाने आणि आंबटाने ओलं झालेलं असे. ते पिळून आंब काढायची आणि पोटदुखीवर औषध म्हणून बाटलीत भरून ठेवायची. आकाशातलं पाणी आणि पानातलं आम्ल फडक्याने गोळा करणारी ही बुद्धी पहिल्यांदा कुणाची चालली असेल?

लाखोळीकडे परत येऊ, कारण तिची एक बाजू अजून सांगायची राहिलीय आणि ती काळी आहे.

हे पीक जुनं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात जी तीन हजार वर्षांपूर्वीची धान्यं सापडली, त्यात लाखोळी होती. पाण्यात बुडाली तरी तगते, दुष्काळात इतर सगळं वाळलं तरी तगते, असं कडधान्य विरळाच. पण तिच्या दाण्यात ओडाप नावाचा एक पदार्थ असतो. आपल्या चेतापेशी एकमेकींशी बोलायला ग्लुटामेट वापरतात; ओडाप दिसायला त्याच्यासारखा. चेतापेशी फसते, उत्तेजित होत राहते आणि शेवटी मरते. घास-दोन घास वरणाने काही होत नाही. पण महिनोन् महिने मुख्य अन्न तेच असलं, तर पायांवर ताबा ठेवणाऱ्या चेता जातात आणि माणूस कायमचा अधू होतो.

1830 च्या आसपास मध्य भारतातल्या सागर भागात गहू लागोपाठ बुडाला. तगली ती लाखोळी. लोक तिच्यावर राहिले आणि काही वर्षांत धडधाकट तरुणांचे पाय लुळे पडू लागले. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी 1844 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, तिकडे स्पेनमध्ये, युद्धातल्या उपासमारीत चित्रकार गोयाने लाखोळीच्या पिठाभोवती जमलेली भुकेली माणसं कोरली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1964 साली हा पदार्थ बियातून वेगळा करून दाखवला. आणि पुढे कळलं ते तर अंगावर काटा आणणारं होतं. पाण्याचा ताण पडला की झाड हे विष जास्त बनवतं. म्हणजे ज्या वर्षी लाखोळीवाचून खायला काही नसतं, नेमकी त्याच वर्षी ती जास्त विषारी!

1961 पासून देशात लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. पेरणी काही थांबली नाही. दुसरं काही न उगवणाऱ्या बांधीत शेतकरी आणखी काय पेरणार? झाडीपट्टीतल्या घरांत लाखोरीचे वडे होत राहिले. डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकलं, की विषाचा बराच भाग त्याबरोबर जातो. दरम्यान पैदासकार कामाला लागले होते. दिल्लीच्या संस्थेत ऊतीसंवर्धनातून निघालेलं रतन आणि शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठाची प्रतीक, महातिवरा या वाणांत ओडाप अगदी कमी आहे. 2016 च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या तिघांना हिरवा कंदील दाखवला. विष कमी केलं, तरी तग धरायची ताकद राहिली, हे मला यातलं सगळ्यात मोठं यश वाटतं.

आता बांधीतून घरामागच्या वाडीत येऊ. कार्तिकात इथंही गडबड असते. काट्यांचं कुंपण नीट करायचं, कारण रानडुकराला वाडी जंगलापासून वेगळी वाटत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगलच आहे. मग वाफे पाडायचे. मेथी, पालक, सांभार, मुळा, वांगी, भेदरे. कडेला झेंडू, शेवंती.

सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी पेरण्याआधी चपलेखाली रगडतात. का? कारण तो गोल दाणा म्हणजे बी नव्हेच, ते फळ आहे. त्याच्या आत दोन अर्धे भाग आणि प्रत्येकात एक बी. फोडलं तर पाणी लवकर आत जातं आणि एका दाण्यातून दोन रोपं मिळतात. देशी पालकाची तऱ्हा याहून पुढची. तो खरं तर बिटाचा सख्खा नातेवाईक. त्याचा एक खरखरीत दाणा म्हणजे चिकटून वाळलेल्या दोन-तीन फळांचा गोळा. म्हणूनच एकेक दाणा मोजून लावला तरी रोपं जुळी-तिळी उगवतात आणि विरळणी चुकत नाही.

पण वाडीतलं खरं नवल बियात नाही, रात्रीत आहे.

गडचिरोली विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर आहे. जूनमध्ये इथं सर्वांत मोठा दिवस साधारण तेरा तास वीस मिनिटांचा, डिसेंबरात सर्वांत लहान अकरा तासांहून थोडा कमी. कोजागिरीनंतर रात्र रोज मिनिटभर वाढत जाते. आपल्याला जाणवतही नाही. पण पालकाला, मेथीला जाणवतं, आणि त्यातून त्यांना निरोप मिळतो: अजून फुलायची वेळ नाही. ती पानांवर पानं काढत राहतात. हिवाळ्यातल्या मेथीची लुसलुशीत जुडी म्हणजे फुलोरा लांबणीवर टाकलेलं झाड. उन्हाळा जवळ आला, दिवस मोठा झाला, की तेच झाड सरसर वर जातं, पानं बारीक आणि कडवट होतात आणि फुलं येतात. त्याच वाफ्याच्या कडेला उभ्या शेवंतीला तीच वाढती रात्र नेमकं उलटं सांगते: फुल!

रात्र एकच, आणि दोन रोपांना दोन उलटे हुकूम. कसे?

झाडं दिवस मोजत नाहीत, अखंड अंधार मोजतात. 1938 साली शिकागोत दोन संशोधकांनी हे एका तणावर सिद्ध केलं. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचं ते तण आपल्याकडेही रस्त्याकडेला वाढतं. लांब रात्रीच्या मधोमध त्यांनी थोडा वेळ दिवा लावला आणि झाडाने फुलायचं नाकारलं. त्याच्या हिशेबी ती एक लांब रात्र नव्हती, दोन छोट्या होत्या. आजही शेवंतीचे मोठे उत्पादक मध्यरात्री बल्ब लावून फुलं हवी तितकी लांबवतात. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेडात एक रूप घेतं आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपाकडे वळतं. पेशींतल्या घड्याळाशी ते ताडून पाहिलं की अंधार किती वेळ होता, ते झाडाला कळतं.

पण अंधार मोजतं पान, आणि फूल येतं शेंड्याला. पानाने शेंड्याला कळवायचं कसं? सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी 1930 च्या दशकात सांगितलं, की पानातून काहीतरी निघून वर जातं. त्या काहीतरीला त्यांनी फ्लोरिजेन म्हटलं. मग सत्तर वर्षं लोक ते शोधत राहिले आणि सापडेना. कित्येकांनी तर असं काही नसतंच, असं म्हणायला सुरुवात केली होती. 2007 साली ते सापडलं, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी. जर्मनीत मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या तणात, आणि जपानमध्ये कशात? धानात! पानात बनलेलं एक लहानसं प्रथिन अन्नवाहिनीतून शेंड्यापर्यंत जातं आणि तिथं पानं काढणं थांबवून फुलोरा सुरू करतं.

उलट्या हुकुमांचं गुपितही इथंच आहे. दिवस मोठा झाल्यावर फुलणाऱ्या झाडांत एक प्रथिन हा निरोप पाठवायला लावतं. त्याचाच जवळचा भाऊ धानात असतो, आणि तो दिवस मोठा असेपर्यंत निरोप दाबून धरतो. निरोप तोच, निरोप्याही बहुतेक तोच. दारावरचा पहारेकरी तेवढा फिरला. जुनी, उशिरा पिकणारी धानं आश्विनात एकदम निसवतात ती याच कारणाने. मागेपुढे रोवलेल्या बांध्याही बरोबरीने लोंबीवर येतात, कारण रात्र सगळ्यांची एकच असते.

झेंडूही लांब रात्रीला पटकन फुलतो. कार्तिकात वाफ्यात टाकलेला झेंडू पौष-माघात बहरतो आणि महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत पुरतो. आपल्या प्रत्येक तोरणात हवाच असलेला हा झेंडू मूळचा मात्र मेक्सिकोचा. कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आला. आणि तिकडे तो कशासाठी लागतो? नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, मृतांच्या सणाला, घराघरांत आणि थडग्यांवर त्याच्या राशी घालतात. आपल्याकडे त्याच सुमारास दिवाळी. दोन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता एकच फूल एकाच हंगामात डोक्यावर घेतलं. कारण आपल्या अक्षांशावर आणि मेक्सिकोच्या अक्षांशावर रात्र सारखीच वाढते.

काही झाडांना मात्र रात्र पुरत नाही, त्यांना थंडी हवी. बर्फाळ देशांत लोक बर्फ पडण्याच्या अगदी तोंडावर गाजर, खसखस, काही फुलं पेरतात. बी उगवू नये, नुसतं ओल्या गारठ्यात पडून राहावं, हा त्यामागचा हेतू. त्या थंडीत बियांमधली झोप आणणारी रसायनं हळूहळू ओसरतात आणि वसंतात बी उडी मारून उठतं. आमच्या झाडीतलं बी असं झोपवून ठेवणं शक्य नाही. इथं डिसेंबरची रात्र साधारण बारा-तेरा अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पुन्हा तीसच्या आसपास.

त्याचा फटका कुणाला बसतो, सांगू? पत्ताकोबीला. तिचं वाढलेलं रोप कित्येक आठवडे दहा अंशांखाली राहिलं, तरच ते फुलतं. चंद्रपूरच्या बाजारात हिवाळाभर कोबीचे गड्डे येतात, पण त्या कोबीचं फूल इथं कुणी पाहिलेलं नसतं. अशा कोबीचं बी डोंगरात तयार होतं. कुल्लू खोऱ्यातलं कटराईं हे त्याचं जुनं ठिकाण. तिथं गड्ड्यांवर थंडी पडते, वसंतात गड्ड्याच्या डोक्याला चीर देतात, आणि आतून पिवळा फुलोरा बाहेर येतो.

तिचाच चुलतभाऊ मुळा मात्र इथल्या हवेत रुळून गेलाय. त्याला एवढी थंडी लागत नाही. वाडीच्या कोपऱ्यात एखादा मुळा उपटायचा राहून गेला, की माघात तो दांडा काढतो, पांढरी-जांभळट फुलं येतात आणि मागोमाग टोकदार हिरव्या शेंगा. त्याच डिंगऱ्या. कोवळ्या असताना चिरून, बेसन लावून परतायच्या. फक्त चार-सहा शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, म्हणजे पुढच्या कार्तिकासाठी बी विकत आणावं लागत नाही.